दोनशे एक दिवस

बुधवार, 6 नोव्हेंबर 2024
दिवाळीचा उरलासुरला चिवडा डब्यात भरत होते, तेवढ्यात हे टपाल घेऊन वर आले. राज्याच्या कर खात्याची नोटीस. गेल्या वर्षीचं अर्न्ड इन्कम क्रेडिट आम्हाला जादा मिळालं, 1,044 डॉलर व्याजासह परत करा.
कमी कमाईच्या घरांना केंद्र सरकार 1975 पासून ही सवलत देतं. आमचं राज्य तिच्या 40 टक्के आणखी देतं. दोन मुलांचे 2,642 आले होते. आता म्हणतात, एकच मूल धरू, म्हणजे 1,598. धाकटी धरली, थोरला वगळला.

गुरुवार, 7 नोव्हेंबर
मूल अर्ध्या वर्षाहून जास्त आमच्या घरात राहिल्याचा पुरावा हवाय. धाकटी 9 ऑगस्टची. 2023 मधले तिचे दिवसच मुळी 145. पण त्याच वर्षी जन्मलेल्या बाळाला कायदा सांभाळून घेतो. थोरला तेव्हा तीन वर्षांचा. शाळाच नाही, तर दाखला कुठला? त्यातून माझं बाळंतपण अवघड, म्हणून तो आजीकडे सांगलीला.

शनिवार, 9 नोव्हेंबर
रात्री आईला फोन केला. ती म्हणाली, "सहा महिने माझ्याकडंच होता की!" मी एकदम म्हटलं, "सहा नाही गं, असं कुणाला सांगू नकोस." फोन ठेवल्यावर माझी मलाच लाज वाटली.
मग पासपोर्ट काढला. मुंबई विमानतळाचे दोन शिक्के: आत 20 जून, बाहेर 30 नोव्हेंबर. बोटांवर, मग कॅलेंडरवर मोजले. 164. म्हणजे इथले 201. तात्पुरतं बाहेर गेलेलं मूल घरीच आहे असं धरायचीही सोय नियमात आहे, पण पाच महिन्यांना तात्पुरतं म्हणायला धीर होईना. 183 च्या वर आहोत, तेवढं पुरे.

मंगळवार, 12 नोव्हेंबर
पासपोर्टच्या प्रती, लशींच्या तारखांसह डॉक्टरांचं पत्र, घरमालकाचं पत्र. सगळं पोचपावतीच्या टपालानं पाठवलं. पावती नोटिशीलाच टाचली.
घरी आले तर आईनं फोटो पाठवलेला. सांगलीच्या घराच्या दारामागं पेन्सिलीच्या दोन रेघा, त्याच्या उंचीच्या: एक जूनची, एक नोव्हेंबरची. खाली विचारलं होतं, "पुरावा म्हणून लागेल का?"
नेमका उलट बाजूचा पुरावा. जोडला नसताच. पुसलाही नाही.