उसालाही दाखला

शेतकऱ्याच्या घरात कागदांचा एक पत्र्याचा डबा असतो. सात-बाराचा उतारा, पोरांचे शाळेचे दाखले, सोसायटीच्या पावत्या, कारखान्याची बिले. आमच्या घरी तो डबा माझ्या ताब्यात आहे. आता त्यात उसाच्या दाखल्यालाही जागा करावी लागेल असे मी म्हणाले, तेव्हा मामंजी हसले. म्हणाले, "उसाला आणि कसला दाखला? गोड हाय का न्हाई, कांडं मोडून बघावं की!"

मामंजींचे बोलणे खोटे नाही. आमच्या पेठ वडगावच्या जनावरांच्या बाजारात बैल घेणारा आधी तोंड उघडून दात बघतो, चालवून बघतो, मग पैशाचे बोलतो. डोळ्यांपुढच्या मालाला कागद लागत नाही. पण माल सातासमुद्रापार निघाला की घेणाऱ्याला दात बघता येत नाहीत. मग तो कागद मागतो. उसापासून होणाऱ्या इंधनाचे तसेच चालले आहे.

हे इंधन म्हणजे इथेनॉल. साखर काढून उरलेल्या मळीपासून ते होते, तसेच थेट रसापासूनही होते. एक टन उसाच्या रसातून सुमारे 70 लिटर निघते. पेट्रोलमध्ये ते मिसळून पाहण्याचा सरकारी प्रयोग 2001 साली तीन ठिकाणी झाला, त्यातले एक आपल्या शेजारचे मिरज. पुढे 2003 साली नऊ राज्यांत 5 टक्के मिसळायचे ठरले, 2022 साली देशात 10 टक्के झाले आणि 2025 साली 20 टक्के.

हा सगळा घरातल्या घरातला व्यवहार. कारखाना करतो, तेल कंपन्या घेतात, दर सरकार ठरवते. पण एकच गिऱ्हाईक असले की काय होते, ते डिसेंबर 2023 मध्ये कळले. पाऊस कमी, साखर कमी पडेल म्हणून 7 तारखेला हुकूम निघाला, की उसाच्या रसापासून इथेनॉल बंद. आठवडाभरात 17 लाख टन साखरेपुरती मोकळीक मिळाली, आणि बंदी उठायला ऑगस्ट 2024 उजाडला. म्हणून दुसरे गिऱ्हाईक कोण, हे पाहून ठेवणे शहाणपणाचे.

ते गिऱ्हाईक आकाशात आहे. 19 मे 2023 रोजी पुण्याहून दिल्लीला गेलेल्या एका प्रवासी विमानात देशी उसाच्या मळीपासून केलेले इंधन थोडेसे मिसळले होते. पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजने ते केले होते. परदेशी जाणाऱ्या विमानांत असले इंधन 2027 साली 1 टक्का, 2028 साली 2 टक्के आणि 2030 साली 5 टक्के असावे, असे आपल्या सरकारने ठरवले आहे. विमान परदेशी जाणार, म्हणून इंधनालाही जगाचे नियम लागणार.

हे नियम आले कुठून? मलेशिया-इंडोनेशियात पाम तेलासाठी जंगले तुटली. त्याच तेलाचे डिझेल करून युरोपात मोटारी चालल्या. मोटारीने वाचवला त्याहून जास्त धूर जंगल जाळताना झाला असेल, तर साधले काय? म्हणून युरोपने 2009 साली कायदा केला. जानेवारी 2008 मध्ये जिथे जंगल होते, ते तोडून पिकवलेल्या मालाचे इंधन धरायचे नाही. इंधनामुळे धूर किती वाचला, तेही मोजायचे. ही तपासणी करून दाखला देणाऱ्या संस्था आहेत. खास उसासाठी बोन्सुक्रो नावाची आहे.

तुम्ही म्हणाल, दहा गावांचा ऊस एका गव्हाणीत पडतो, त्यात दाखल्याचा कोणता हे कसे कळणार? डेअरीत कसे कळते? सगळ्यांचे दूध एकाच टाकीत जाते, पण लिटर आणि फॅट ज्याच्या त्याच्या खात्यावर चढते. तसेच इथे. दाखल्याचा माल जेवढा आत आला, तेवढाच दाखल्याचा म्हणून बाहेर विकायचा. हिशेब वहीत जुळला पाहिजे.

जमिनीच्या बाबतीत आपल्याला धास्ती नाही. वारणा-पंचगंगेच्या काठी ऊस 2008 च्या कितीतरी आधीपासून आहे. प्रश्न पुढचे अवघड. पाणी किती दिले? युरिया किती टाकला? पाचट जाळले का? आमच्याकडे पाचट सरीत कुजवतात. रान भुसभुशीत राहते, एखादे पाणी वाचते. पण हे कुठे लिहिलेले नव्हते. आता मी वहीत तारखेने लिहिते.

सगळ्यात अवघड प्रश्न ऊसतोडीचा. नवरा-बायको मिळून एक कोयता. पहाटे थंडीत तोडायला लागलेली बाई दिवसभर वाकलेली असते, पोर बांधावर. 2019 साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याचे प्रकरण गाजले. राज्य सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी केलेल्या सुमारे 82 हजार बायकांपैकी 13 हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली आढळली. शहाणा गिऱ्हाईक हेही विचारणार. आणि तो विचारो न विचारो, आपल्या रानात राबणाऱ्या बाईला पिण्याचे पाणी आणि आडोसा देण्यासाठी आपल्याला युरोपचा कायदा कशाला हवा?

आता पैशाचे. 2025-26 च्या हंगामाला सव्वादहा उताऱ्याला टनाला 3,550 रुपये एफआरपी ठरली. ती साखरेच्या उताऱ्यावर. रस इथेनॉलला गेला की साखरेचा उतारा घटतो. ती घट किती धरायची, याचा दाखला पुण्याची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट देते. म्हणजे उसाला दाखला हा प्रकार अगदीच नवा नाही. उद्या परदेशी दाखल्यामुळे इंधनाला जादा दर मिळाला, तर वही आपली, पाचट कुजवण्याची मेहनत आपली, आणि जादा पैसा कुणाचा? तो आपोआप बांधावर येणार नाही.

म्हणून कारखान्याच्या वार्षिक सभेला जाल तेव्हा जेवण आणि साखरेच्या बातम्यांवर परतू नका. ज्यांच्या नावावर शेअर आहे त्या बायकांनीही जावे. दाखला घेणार असाल तर टनामागे जादा किती मिळणार, त्यातले आमचे किती आणि तोडकऱ्यांचे किती, हे विचारावे. उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यावे.