पणतीच्या कडेचे ठिपके

संपादकांचा निरोप आला, ‘मुलं दिवाळीत पणत्या रंगवतात, त्यातून काय शिकतात ते लिहा. पण सर, फार तांत्रिक नको.’ बरं.

अडचण अशी की सगळी गंमत त्या तांत्रिकातच आहे. कोरी पणती पाण्यात टाकली की बुडबुडे येतात. भाजलेल्या मातीच्या छिद्रांतली हवा ती. हीच छिद्रं ब्रशमधलं पाणीही ओढून घेतात, म्हणून पोस्टर कलरची रेघ अर्ध्यावर कोरडी पडते. मग आधी पांढऱ्याचा एक हात द्यायचा आणि तो वाळेपर्यंत थांबायचं. थांबणं मुलांना जड जातं, पालकांना त्याहून.

खरी मजा कडेच्या ठिपक्यांत. एका हाताने पणती फिरवत मूल ठिपके देत निघतं. फेरी संपताना पहिला ठिपका समोर येतो आणि जागा उरलेली असते दीड ठिपक्याची! कुणी तिथे दोन बारके कोंबतं, कुणी एकच लांबुळका ओढतं, कुणी फूल काढून भानगड मिटवतं. पुढच्या पणतीला त्यांतलंच एखादं आधी समोरासमोर चार ठिपके देतं आणि मग मधल्या जागा भरतं. हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

छापील नक्षीच्या तयार पणत्यांवर माझा राग आहे तो यासाठी. जागेचा हिशेब कारखान्यातच उरकलेला असतो. मुलाने फक्त रंग भरायचा. व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी १९४७ साली ‘क्रिएटिव्ह अँड मेंटल ग्रोथ’मध्ये रंगभरणीच्या पुस्तकांवर टीका केली होती, की त्यांमुळे मुलाचा स्वतःच्या रेषेवरचा विश्वास जातो. माझे सहकारी म्हणतात, हाताला वळण तर लागतं ना? लागतं. ते शेंगा सोलूनही लागतं.

‘याने गणित सुधारतं ना?’ हा पालकांचा ठरलेला प्रश्न. एलेन विनर आणि लोइस हेटलंड यांनी २००० साली यावरचे उपलब्ध अभ्यास एकत्र तपासले. चित्रकलेमुळे इतर विषयांतले गुण वाढतात याला भक्कम पुरावा त्यांना मिळाला नाही. हे सांगितलं की पालकांचा चेहरा पडतो. चित्रकलेने चित्रकला सुधारते, एवढ्यावर कुणाचं समाधान का होत नाही, कोण जाणे.

यंदा दुसरीतल्या एका मुलाने ओल्या नारिंगीवर निळा फिरवला आणि पणती चिखलाच्या रंगाची झाली. आई म्हणाली, ‘सर, प्रदर्शनात ठेवायचीय, तुम्ही जरा हात फिरवा ना.’ मी नाही म्हटलं. तेवढ्यात पोराने दुसरी पणती ओढली, तोच नारिंगी, तोच निळा, आणि तोच तपकिरी पुन्हा करून दाखवला, या खेपेला मुद्दाम. प्रदर्शनात बक्षीस अर्थातच दुसऱ्याच कुणाच्या पणतीला मिळालं; तिच्यावरची वेलबुट्टी सात वर्षांच्या हाताची नव्हती, हे परीक्षकांना दिसलं नसेल असं मला वाटत नाही. तपकिरी पणत्यांचं काय करणार, असं मी त्या आईला विचारलं. ‘लावू की, मागच्या गॅलरीत,’ ती म्हणाली.