पाय लागला नाही, मग कार्ड कशाचे?

"लागलंच नाही ना जी, मग कार्ड काहून?" आपल्या वस्तीतल्या कोणत्याही मैदानाच्या कडेला फुटबॉलचा सामना पाहत उभे राहा, हा आरडाओरडा कानी पडतोच. कामठीला फुटबॉलचे वेड जुने, तिथे तर हा वाद चहाच्या टपरीपर्यंत जातो. अंगाला अंग लागले नाही म्हणजे गुन्हा झालाच नाही, असे पुष्कळांना वाटते. आम्हाला ते पटत नाही.

खेळाच्या बाराव्या नियमात लाथ मारणे आणि लाथ मारण्याचा प्रयत्न करणे, पाडणे आणि पाडण्याचा प्रयत्न करणे, हे सारे अपराधच धरले आहेत. नुसता निष्काळजीपणा असेल तर फ्री किक, कार्ड नाही. समोरच्याला काय इजा होईल याची पर्वा न करता कोणी अंगावर गेला, तर पिवळे. अति जोर लावून त्याला धोक्यात घातले, तर लाल. पाय न लावता नुसतीच वाट अडवली, तर इनडायरेक्ट फ्री किकवर भागते. तेवढ्यासाठी कार्ड मागणारेही आम्ही पाहिले आहेत, तेही चूकच.

पण दोन्ही पाय पुढे करून घसरत येणारा दांडगा गडी डोळ्यांसमोर आणा. चेंडूपाशी चौदा वर्षांचे पोट्टे, पायात बूटही नाहीत. पोट्टे उडी मारून वाचले. ते वाचले म्हणून गड्याला सोडायचे काय? म्हणजे आधी पोराने पाय मोडून घ्यावा आणि मग पंचाने खिशात हात घालावा! आपल्या घरात पाय मोडला म्हणजे काय होते, हे वाचकांना सांगायला नको. प्लास्टर, मेडिकलच्या चकरा, आईची बुडालेली मजुरी. पोरगा कामावर जाणारा असेल तर दीड-दोन महिने त्याचा पगारही नाही.

कार्डांची ही कल्पना इंग्लंडचे पंच केन ॲस्टन यांना रस्त्यावरच्या सिग्नलवरून सुचली आणि १९७० च्या मेक्सिको विश्वचषकात ती प्रथम वापरली गेली. सिग्नलचा पिवळा दिवा काही अपघात झाल्यावर लागत नाही.

सोंगाडेही असतात, हे खरे. २००२ च्या विश्वचषकात तुर्कस्तानच्या खेळाडूने मारलेला चेंडू ब्राझीलच्या रिवाल्डोच्या पायाला लागला, आणि हा गडी तोंड धरून लोळला! समोरच्याला मैदान सोडावे लागले. मागाहून फिफाने रिवाल्डोला दंड केला. असे सोंग हासुद्धा पिवळ्या कार्डाचाच अपराध आहे. आपल्या मैदानावर टीव्ही पाहून निकाल बदलण्याची सोय नाही. जे पंचाला दिसेल, तेच खरे धरावे लागते.

विजय बारसे सरांनी २००१ मध्ये नागपुरात झोपडपट्टी फुटबॉल सुरू केले, तेव्हापासून आपली कितीतरी पोरे, आता पोरीही, या खेळात आल्या. वस्तीत स्पर्धा भरवणाऱ्या तरुणांनी नाणे उडवताना दोन्ही कप्तानांना एवढे बजावावे: पाय लागो न लागो, अंगावर गेलात तर कार्ड निघेल. आणि कडेला उभ्या बापांनी, उडी मारून वाचलेल्या आपल्या पोराला "पडला का नाहीस?" म्हणून रागावू नये.