देहूरोड ते कार्ले : एक लग्न, एक कॉन्फरन्स

आमच्या कंपनीची वार्षिक कॉन्फरन्स यंदा कार्ल्याजवळच्या एका रिसॉर्टमध्ये ठेवली होती. सोमवार आणि मंगळवार. नेमक्या आदल्या दिवशी, रविवारी, देहूरोडच्या आमच्या जुन्या स्नेह्यांच्या मुलीचा मंगल परिणय होता. एरवी कंपनीच्या कामापायी लग्न बुडते, नाहीतर लग्नापायी साहेबांची बोलणी खावी लागतात. या वेळी दोन्ही ठिकाणे पुणे-लोणावळा लोकलच्या एकाच मार्गावर, तासाभराच्या आत आली. पत्नी आणि दोन्ही मुलांसह सकाळीच कल्याणहून गाडी धरली.

कर्जतला गाडीला मागून जादा इंजिने लागली, मुलांनी वडे खाल्ले आणि गाडी घाट चढू लागली. बोरघाटाची ही रेल्वे १८६३ साली सुरू झाली. बोगदे मोजत बसलेल्या मुलांना मी एवढेच सांगितले की हा डोंगर फोडताना हजारो मजूर पटकीने आणि अपघाताने मेले, आणि त्यांच्या नावाची पाटी कुठे दिसली तर मला दाखवा. खंडाळा येईपर्यंत धाकटी खिडकीला नाक लावून बसली होती. पाटी काही दिसली नाही.

लोणावळ्याला लोकल बदलली. मळवली, कामशेत, वडगाव, तळेगाव. तळेगावला बाबासाहेबांचा बंगला आहे, आज तेथे स्मारक आहे. पण लग्न गाठायचे होते, उतरता आले नाही. देहूरोडला मात्र वेळ काढून आधी ऐतिहासिक विहारात गेलो. वाचकांपैकी अनेकांनी तो पाहिला असेल. २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी रंगूनहून आणलेल्या बुद्धमूर्तीची येथे स्थापना केली. नागपूरच्या दीक्षेला तेव्हा अजून पावणेदोन वर्षे अवकाश होता. लष्करी डेपोत ओझी उचलणाऱ्या आपल्या माणसांची ही वस्ती. त्यांनी पोटाला चिमटा काढून विहार उभा केला. दर २५ डिसेंबरला येथे मोठी गर्दी लोटते. आम्ही गेलो तेव्हा एक आजी पायरी झाडत होत्या, बाकी शांतता. त्यांनी मुलांना हात धुऊन आत जायला सांगितले, आम्ही वंदना घेतली आणि निघालो.

आमचे स्नेही याच डेपोतून मजूर म्हणून निवृत्त झाले. त्यांनी मुलीचे लग्न वस्तीतल्या छोट्या विहारात ठेवले होते. वर पत्र्याचे छत, समोर कापडी मांडव, टेबलावर पांढरे वस्त्र, तथागतांची मूर्ती आणि बाबासाहेबांची प्रतिमा. वधूवर शुभ्र वस्त्रांत. मुहूर्ताची धावपळ नाही, हुंडा नाही, मानपान नाही. बौद्धाचार्यांनी सर्वांकडून त्रिसरण-पंचशील म्हणवून घेतले, मग वधूवरांच्या प्रतिज्ञा झाल्या. सिगालोवाद सुत्तात पतीची पाच कर्तव्ये सांगितली आहेत : पत्नीचा मान राखणे, अवमान न करणे, तिच्याशी एकनिष्ठ राहणे, घरातील अधिकार तिच्या हाती देणे आणि तिला वस्त्रालंकार देणे. बौद्धाचार्य चौथ्या कर्तव्यापाशी मुद्दाम थांबले आणि वराकडे पाहून म्हणाले, “पगार कुणाच्या हातात द्यायचा ते कळलं ना?” मांडवात हशा पिकला. वर लाजला, पण मान हलवली. तीही शपथच समजायची! पत्नीची पाच कर्तव्येही सांगितली गेली. जयमंगल अष्टगाथेनंतर फुलांच्या पाकळ्या पडल्या. सगळा विधी पाऊण तासात आटोपला.

जेवणात पुरी, बटाट्याची भाजी, वरण-भात, बुंदी आणि मठ्ठा. पंगतीत माझ्या शेजारी वराचे मामा होते. त्यांना हे लग्न पचत नव्हते. स्नेही वाढत वाढत जवळ आले, तेव्हा मामा म्हणालेच, “दाजी, रिटायरमेंटचं एवढं मिळालं, एखादं लॉन घ्यायला काय हरकत होती? आमचेही चार लोक आले असते.”

स्नेह्यांनी हातातले बुंदीचे पातेले खाली ठेवले. “त्या पैशाची पोरगी नर्स झाली, मामा. आणि ती तुमच्याच घरी चाललीय. अजून बुंदी घ्या.”

मामांनी बुंदी घेतली.

एक गोष्ट येथे सांगून ठेवतो, कारण पुष्कळ घरांत ती राहून जाते. विहारातले प्रमाणपत्र जपून ठेवावेच, पण तेवढ्यावर थांबू नये. महाराष्ट्रात १९९८ च्या अधिनियमानुसार विवाहनोंदणी करावी लागते. पुढे पासपोर्ट, पेन्शन, वारसाहक्क, सगळीकडे तोच कागद मागतात. स्नेह्यांनी नोंदणीचा अर्ज भरूनच आणला होता. साक्षीदार म्हणून माझीही सही घेतली.

संध्याकाळी पत्नी आणि मुले परतली, मी मळवलीला उतरलो.

रिसॉर्टबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. गार हॉल, भिंतीवर आकडे, पुढच्या वर्षाचे टार्गेट. बिलिंगचे नवे सॉफ्टवेअर येणार आणि शाखांमधील हिशेबाचे काम एकाच ठिकाणी नेणार, हे साहेबांनी हसत हसत सांगितले. आम्ही कारकून मात्र हसलो नाही. दुपारी डोळ्यांना पट्ट्या बांधून एकमेकांचा हात धरून चालण्याचा खेळ झाला. त्यातून एकी वाढते म्हणे. रात्री हिरवळीवर बाटल्या उघडल्या. मी लिंबू सरबत घेतले तेव्हा एका सहकाऱ्याने ‘भन्तेजी’ म्हणून हाक मारली. पाचवे शील पाळणाऱ्याला अशा हाका नव्या नाहीत, मी ओ दिली.

त्या हिरवळीच्या दुसऱ्या टोकाला कुणाच्या तरी लग्नाचा फुलांचा मंच उतरवत होते. रविवारी तिथेही लग्न झाले होते तर. चहा देणारा मुलगा माझ्याजवळ रेंगाळला. माझ्या मोबाइलवरचा बाबासाहेबांचा फोटो त्याने पाहिला होता. हळू आवाजात म्हणाला, “जयभीम, साहेब.” मी जयभीम घातला आणि गाव विचारले. इथलाच, मावळातला. वय बावीस, कंत्राटावर कामाला, हातात बारा हजार येतात. त्याच्या बहिणीचे लग्न ठरत होते आणि मुलाकडच्यांना लॉन हवे होते, शिवाय लग्नाआधीचे फोटो काढण्यासाठी लोणावळ्यात एक दिवसाचे शूटिंग. सावकाराकडून दोन लाख घ्यायचे घरात जवळजवळ ठरले होते. मला म्हणाला, “तुम्ही हिशेबाच्या खात्यात आहात ना? एकदा बघता का?”

मंगळवारी दुपारी कॉन्फरन्स संपली. मंडळी कंपनीच्या बसने चिक्कीच्या दुकानांकडे निघाली, मी बस सोडली. मुलाची पाळीही तीनला सुटली. त्याच्या मोटारसायकलवरून आम्ही कार्ले लेण्यांच्या पायथ्याशी गेलो. निम्म्यापर्यंत वाहन जाते, पुढे पायऱ्या. एकवीरा देवीच्या भाविकांची रांग लागलेली. लहानपणी यात्रेत याच पायऱ्यांवर सरबत विकत असे, हे त्याने सांगितले. लेण्यात मात्र शाळेच्या सहलीतच काय तो शिरलेला.

आम्ही पंचवीस-पंचवीस रुपयांची तिकिटे काढली. देवळाशेजारीच सिंहस्तंभ, आणि त्यामागे भारतातले सर्वांत मोठे कोरीव चैत्यगृह. काम सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे. आत दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा आणि स्तूपामागे सात असे सदतीस खांब. छताला लाकडी कमानी आहेत आणि स्तूपावर लाकडी छत्र आहे, आणि हे लाकूड त्याच काळचे आहे. ऊन वरच्या कमानीतून थेट स्तूपावर येत होते. ओसरीत दारांच्या दोन्ही अंगांना दंपतींची मोठमोठी शिल्पे आहेत, अंगावर दागिने, चेहऱ्यावर प्रसन्नता. मुलगा म्हणाला, “काका, यांचंच शूटिंग झालंय इथं.” साहेबाचा काका झालो होतो.

मी त्याला ब्राह्मी अक्षरे दाखवली. मला ती वाचता येत नाहीत, पण त्यात काय आहे ते विद्वानांनी केव्हाच वाचून ठेवले आहे. वैजयंतीच्या भूतपाल नावाच्या श्रेष्ठीने हे शैलगृह पूर्ण केले आणि जंबुद्वीपात ते उत्तम आहे, असा लेख आहे. नहपानाचा जावई उषवदात याने भिक्खूंच्या वर्षावासासाठी एक गाव दिले, तोही लेख आहे. पण सगळे काही शेठ आणि राजाच्या जावयाने केले नाही. खांबाखांबावर वेगवेगळ्या दात्यांची नावे आहेत, पुष्कळ जण धेनुकाकट गावचे, त्यात यवनही आहेत. एक दार सिंहदत्त नावाच्या गंधिकाने, म्हणजे सुगंधी द्रव्ये विकणाऱ्याने दिले. एक दार स्वामी नावाच्या सुताराने केले, वेणुवासाचा मुलगा. रंध्याने घरसंसार चालवणाऱ्या माणसाचे नाव त्याच्या बापाच्या नावासकट दगडात आहे.

मुलगा त्या अक्षरांकडे बराच वेळ पाहत राहिला. “सुताराचं?” त्याने पुन्हा विचारले.

बाहेर कट्ट्यावर बसून आम्ही हिशेब केला. समोर दरीपलीकडे भाजे, वर लोहगड आणि विसापूर. तिकडची लेणी कार्ल्याहून जुनी, पण तिकडे जायला दिवस उरला नव्हता. दोन लाख, व्याज दरमहा शेकडा दोन. म्हणजे महिन्याला चार हजार नुसते व्याज, वर्षाला अठ्ठेचाळीस हजार, आणि मुद्दल जागच्या जागी. पगार बारा हजार. तिकिटाच्या पाठीवर आकडे लिहून मी त्याच्या हातात दिले. मग देहूरोडच्या लग्नाचे सांगितले, पत्र्याच्या छतापासून मठ्ठ्यापर्यंत. मामांचेही सांगितले. तो हसला, मग गप्प झाला. “आमच्यात असं सांगणारं कुणी नाही, काका. वडील नाहीत. मी बोललो तर पोरगं म्हणून सोडून देतात.”

पुढच्या रविवारी मुलाकडची मंडळी बोलणीला येणार होती. त्याने मला मळवलीला सोडले, आणि फलाटावरूनच मी देहूरोडला फोन लावला. स्नेह्यांनी सगळे ऐकून घेतले. त्यांचा पहिला प्रश्न होता, “मुलगी किती शिकलीय?”

बारावीनंतर घरीच आहे, असे मुलाने सांगितले.

“मग लॉनच्या आधी तेच बोलावं लागेल,” ते म्हणाले, आणि रविवारी सकाळची कोणती लोकल बरी पडेल ते मुलाला विचारू लागले.