व्याख्येच्या आधी माणसं

चि. सोनूस,


समाजशास्त्र घेतलंस, फार बरं वाटलं. आप्तसंबंध, सामाजिक स्तरीकरण, सहभागी निरीक्षण अशा व्याख्या पाठ करता करता जीव मेटाकुटीला आलाय, असं फोनवर म्हणालीस, म्हणून हे सविस्तर पत्र. व्याख्या परीक्षेला लागतात, तेव्हा त्या जरूर पाठ कर. पण प्रत्येक संकल्पनेच्या मागे कुणीतरी माणसांबद्दल विचारलेला एक प्रश्न असतो. तो प्रश्न सापडला की व्याख्येची भीती जाते. यासाठी समाजशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांच्याइतकं जवळचं उदाहरण दुसरं नाही.

इरावतीबाईंचा जन्म १९०५ चा, ब्रह्मदेशातला. शिक्षण पुण्यात झालं. मुंबई विद्यापीठात गो. स. घुर्ये यांच्या मार्गदर्शनाखाली चित्पावनांवर प्रबंध लिहून त्या बर्लिनला गेल्या. तिथले मार्गदर्शक ऑयगेन फिशर हे वंशभेदाच्या सिद्धान्ताचे बडे पुरस्कर्ते. कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंत जो फरक असतो त्याचा वंशाशी संबंध आहे का, हे तपासायचं काम इरावतीबाईंकडे आलं. त्यांनी १४९ कवट्या मोजल्या आणि असा संबंध दिसत नाही, हे प्रबंधात लिहून दिलं. परका मुलूख, वय पंचविशीच्या आतबाहेर, आणि पदवी ज्यांच्या हातात त्यांच्याच मताविरुद्ध निष्कर्ष! फिशर यांच्यासारख्यांच्या मतांचा आधार घेऊन पुढच्या काही वर्षांत जर्मनीत काय घडलं, ते तुझ्या इतिहासाच्या पुस्तकात आहेच. गृहीतक म्हणजे काय, असं कुणी विचारलं तर हा प्रसंग सांग. गृहीतक खोटं ठरू शकतं, आणि ते खोटं ठरलं तर तसं सांगायची तयारी लागते.

आता आप्तसंबंध. १९५३ साली इरावतीबाईंचं ‘किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया’ आलं. त्यात त्यांनी देशाचे उत्तर, मध्य, दक्षिण आणि पूर्व असे चार पट्टे पाडले आणि एक अगदी साधी गोष्ट धरून ठेवली: मुलगी कुठे देतात? उत्तरेत बऱ्याच ठिकाणी गावातल्या गावात लग्न होत नाही. सून परक्या गावाहून, अनोळखी घरातून येते. नव्या नवरीचा घुंघट, माहेर-सासरमधलं अंतर, सासऱ्यासमोर न बोलणं, हे सगळं त्याला जोडून येतं. दक्षिणेत मात्र अनेक जातींत मुलगी नात्यातच दिली जाते. सासू ही आधीचीच आत्या किंवा मामी असते, त्यामुळे नवी सून पाहुण्यासारखी बावरत नाही.

महाराष्ट्र या दोन्हींच्या मध्ये. आपल्याकडे कितीतरी जातींत मामाची मुलगी केलेली चालते, पण आत्याची मुलगी सहसा करत नाहीत. दोन्ही नाती तेवढीच जवळची, मग एक चालतं आणि दुसरं का नाही? कारण मुलगी देणारं घर आणि घेणारं घर यांचा क्रम ठरलेला असतो. ज्या घराने मुलगी दिली त्याच घरातून पुन्हा सून आणायची, उलट फिरवायचं नाही. मामेबहिणीशी लग्न केलं की हा क्रम टिकतो, आतेबहिणीशी केलं की तो उलटतो. ‘आप्तसंबंध म्हणजे रक्ताच्या व विवाहाच्या नात्यांची व्यवस्था’ या ओळीतला ‘व्यवस्था’ हा शब्द इथे खरा कळतो.

सहभागी निरीक्षणासाठी त्यांचा ‘वाटचाल’ हा लेख वाच. त्या पंढरीच्या वारीत दिंडीबरोबर स्वतः चालल्या. वाट एक, अभंग तेच, ऊनपाऊसही तोच. तरी दिवसभर सोबत चालणाऱ्या ब्राह्मण आणि मराठा बायकांचं जेवण मात्र वेगळं, हे पाहून त्यांना झालेलं दुःख त्यांनी लपवलेलं नाही. प्रेम खरं आणि भेदही खरा, दोन्ही एकाच मुक्कामावर. घरी बसून प्रश्नावली भरून घेतली असती तर यातलं एकच काहीतरी हाती लागलं असतं. सामाजिक स्तरीकरण हा धडाही त्याच लेखात शिकून होतो.

पुढे कोयना धरणामुळे उठलेल्या लोकांची पाहणी त्यांनी जाई निंबकर यांच्यासह केली. ती १९६९ मध्ये प्रसिद्ध झाली. विस्थापन हा शब्द आज सर्रास वापरला जातो. त्यामागची माणसं इतक्या लवकर शोधत गेलेल्यांत या दोघी होत्या.

दिवाळीच्या सुटीत एक काम कर. मोठ्या कागदावर आपल्या घराचा तक्ता काढ: पुरुषाला त्रिकोण, स्त्रीला वर्तुळ, लग्नाला बरोबरचं चिन्ह. प्रत्येक वर्तुळाखाली त्या बाईचं माहेरचं नाव आणि गाव लिही. जुन्या कुलवृत्तान्तांत मुलांच्या शाखा लांबवर जातात आणि लेकी लग्नापाशी थांबतात. तुझ्या तक्त्यात तसं होऊ देऊ नकोस. सुरुवात आजीपासून कर, तिच्या सासूचं माहेर आता फक्त तिलाच सांगता येईल. तक्ता झाला की मला पाठव.

तुझी,
मावशी