मुंगी कोणासाठी काम करते?

परवा ओट्यावर मुंग्यांची ही भली मोठी रांग लागली होती. नेहमीप्रमाणे हळदीची रेघ ओढावी म्हणून मी डबा उघडला, तर नात म्हणाली, "आजी थांब, तुला एका मुंगीची गोष्ट दाखवते," आणि मोबाईल पुढ्यात धरला. ते चित्रण पाहिल्यापासून डोक्यात मुंग्याच फिरताहेत! म्हणून बऱ्याच दिवसांनी आज लिहायला बसले आहे.

गोष्ट जपानमधली. 'लेसियस ओरिएंटालिस' जातीच्या राणीला स्वतःचे वारूळ स्वतःच्या बळावर उभारता येत नाही. तिला दुसऱ्या जातीच्या मुंग्यांचे तयार वारूळ लागते. पण परक्या वारुळात शिरणे म्हणजे मरणच. मुंग्या एकमेकींना वासावरून ओळखतात, वास निराळा आला की तुटून पडतात. म्हणून ही बाई आधी त्या वारुळाचा वास अंगाला लावून घेते आणि मगच आत जाते. कोणी अडवत नाही. ती थेट राणीपाशी पोचते, पोटातून एक द्रव (बहुधा फॉर्मिक आम्ल) तिच्या अंगावर फवारते आणि चटकन पळ काढते. मुंग्यांच्या लेखी तो वास म्हणजे धोका. आता वास बदललेली राणी तिच्या स्वतःच्या मुलींनाच शत्रू वाटू लागते. पाहुणी पुन्हा येते, पुन्हा फवारते, पुन्हा पळते. शेवटी लेकीच आईला फाडून मारतात. मग ही सावकाश येऊन अंडी घालते, आणि त्याच लेकी हिची सेवा करू लागतात!

हे आधी हेरले ते मुंग्या पाळणाऱ्या हौशी मंडळींनी. नोव्हेंबर २०२५ मध्ये क्युशू विद्यापीठाचे केइझो ताकासुका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यावर शोधनिबंध प्रसिद्ध केला.

राणीला ठार करून घर बळकावणाऱ्या मुंग्या आधीही माहीत होत्या म्हणे. ट्युनिशियातली एक तर यजमान राणीच्या पाठीवर चढून सावकाश तिची मान कापते. 'पॉलिअर्गस' नावाची युरोपातली राणी 'फॉर्मिका' जातीच्या राणीला चावून चावून मारते, आणि त्या झटापटीत मेलेलीचा वास हिच्या अंगाला लागतो. तेवढ्यावर सगळे वारूळ शांत. पुढे हिच्या मुली आजूबाजूच्या वारुळांवर धाडी घालून कोष पळवून आणतात. त्या कोषांतून बाहेर येणाऱ्या मुंग्या परक्या घरालाच आपले समजून राबतात.

या धाडी घालणाऱ्या मुंग्यांची गंमत (की शोकांतिका?) जिनिव्हाच्या प्येर ह्युबरने १८१० च्या आपल्या पुस्तकात सांगितली. डार्विननेही ती १८५९ च्या ग्रंथात पुन्हा सांगितली आहे. ह्युबरने अशा तीस मुंग्या एकही दासी न देता कोंडल्या. आवडीचे खाणे भरपूर ठेवले, त्यांच्याच अळ्या आणि कोष सोबत ठेवले. त्यांना स्वतः खाताही येईना! कित्येक उपाशी मेल्या. मग त्याने एकच दासी आत सोडली. ती लगेच कामाला लागली, उरलेल्यांना भरवले, अळ्यांची काळजी घेतली, खोल्या बांधल्या.

इथे मी थबकले. कारण तेहतीस वर्षे मी वर्गात मुंगीचे गोडवे गायले आहेत. 'मुंगीपासून आपण काय शिकतो?' हा निबंध दरवर्षी ठरलेला. उद्योग, शिस्त, निमूटपणे काम करणे वगैरे वगैरे. एका वर्षी पाचवीतला एक मुलगा उठून म्हणाला, "बाई, पण मुंगी कोणासाठी काम करते?" मी म्हटले, राणीसाठी. "मग राणी वाईट असली तर?" सगळा वर्ग हसला. मला तो उद्धटपणा वाटला, आणि तो तास संपेपर्यंत मी त्याला बाकावर उभे केले. पुन्हा त्याने वर्षभरात काही विचारले नाही. तेव्हा मला ती सुधारणा वाटली होती!

नातीला हे सांगितले. ती म्हणाली, "आजी, मुंग्यांना कुठे कळतं गं? वास आला की त्या वागतात." खरे आहे. काही शास्त्रज्ञ तर मुंग्यांना 'गुलाम' म्हणायलाही तयार नाहीत, माणसांनी भोगलेल्या गुलामीशी त्याची तुलना नको म्हणतात. मला ते पटते.

पण मग तिनेच आणखी एक शोधून दाखवले. अमेरिकेतल्या 'टेम्नोथोरॅक्स' कुळातल्या पळवून आणलेल्या मुंग्या मालकिणीच्या अळ्या नीट वाढवतात, आणि त्यांचे कोष झाले की त्यांतले बरेचसे मारून टाकतात. हे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांना स्वतःला त्याचा काही फायदा नाही, पण मालकिणी कमी झाल्या की शेजारच्या वारुळातल्या त्यांच्या नातेवाईकांवरच्या धाडी कमी होतात.

तो मुलगा आता पन्नाशीला आला असेल. त्याची चुलत बहीण आमच्या माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप गटात आहे. काल तिच्याकडे त्याचा नंबर मागितला. "कशाला हवाय बाई?" तिने विचारले. म्हटले, त्याच्या एका प्रश्नाचे उत्तर द्यायचे राहिले आहे.

नंबर अजून आलेला नाही.