सव्वा घटका

पंचांग पाहिल्यावांचून आमच्या घरांतून कोणी प्रवासासहि निघत नाहीं. याचा आम्हांस अभिमान असे. गेल्या श्रावणांत धाकट्या सूनबाईच्या प्रसूतीच्या वेळीं तो कसा गळाला, हें वाचकांस सांगणें आम्ही कर्तव्य समजतों.

दुपारपर्यंत सर्व सुरळीत चाललें होतें. इतक्यांत पाणमोट फुटली आणि बाळाच्या आधीं नाळच खालीं आली. डॉक्टरीणबाईंनीं सांगितलें, "पोट उघडून बाळ ताबडतोब काढलें पाहिजे." आम्ही दारांतच विचार करीत उभे! कोणी म्हणालें, थोडी वाट पाहूं. कोणी वडील बंधूंस फोन लावला. एकानें तर राहुकाल टळूं द्यावा असें सुचविलें. बाई मात्र आमच्यासाठीं थांबल्या नाहींत. सूनबाईनें स्वतःच संमति दिली होती, आणि सज्ञान स्त्रीची स्वतःची संमति पुरेशी असते, हें आम्हांस तेव्हां कळलें.

नातू सुखरूप जन्मला. मागाहून बाईंनीं उलगडा केला. बाळाच्या डोक्याखालीं नाळ चेपली कीं त्याचा रक्तपुरवठा खुंटतो. म्हणून शस्त्रक्रिया होईपर्यंत एकीनें हातानें तें डोकें वर उचलून धरलें होतें. ब्रिटनमधील प्रसूतितज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजनें २०१० सालीं अशा शस्त्रक्रियांच्या निकडीचे चार वर्ग मान्य केले. पहिल्यांत आईच्या वा बाळाच्या जिवास तत्काळ धोका, दुसऱ्यांत धोका, पण तितका तत्काळ नव्हे, तिसऱ्यांत धोका नसून प्रसूति लवकर व्हावयास हवी, चौथ्यांत सवडीनें. पहिल्या वर्गांत निर्णयापासून शक्य तितक्या लवकर, बहुधा ३० मिनिटांच्या आंत, व दुसऱ्यांत बहुधा ७५ मिनिटांच्या आंत बाळ बाहेर यावें, असा तेथील दंडक आहे. एवढ्यांतच रुग्णास हलविणें, भूल देणें, रक्ताची तजवीज करणें हें सारें उरकावयाचें असतें. आंधळी घाईहि घातकच. म्हणूनच हे वर्ग.

तीस मिनिटें म्हणजे आपल्या मोजणीनें सव्वा घटका. तींतील कित्येक पळें आम्हीं वादांत दवडलीं. बाईंनीं आमची वाट पाहिली असती तर काय झालें असतें, हा विचार आजहि झोंप उडवितो.

आतां थोरल्या सूनबाईस आठवा लागला आहे. इस्पितळ कोणतें, वाहन कोणाचें, रक्त कोण देणार, हें सर्व आम्हीं ठरवून ठेविलें आहे. पंचांग अद्याप घरांत आहे. परंतु बाळाचा जन्म झाल्यावर वेळ लिहून घ्यावयाची, एवढेंच त्याचें काम राहिलें आहे.